जाळरेषा

मंगळवारी संध्याकाळी आम्हाला बसायला जागा व्हावी म्हणून
दोन्ही बंब बाहेर अंगणात काढून ठेवले.
तेलाच्या डागांवर घडीच्या खुर्च्या,
आणि पिंगपाँगच्या टेबलावर पसरलेलं आमचं गाव:
कॉटनवुड फ्लॅट, ट्रिनिटी काउंटी, दोनशे बारा घरं.
आत यायचा रस्ता एक. बाहेर जायचाही तोच.

काउंटीची डेल्फीन ऑस्ट्रँडर सव्वादोन तास गाडी हाकत आलेली.
तिच्या नकाशात लाल म्हणजे धोका,
आणि आम्ही जवळजवळ सगळेच लाल.
"कुठे काय चुकलंय ते सांगा," म्हणाली, आणि पेन्सिली वाटल्या.
आधी कुणी हात लावेना.
सरकारी कागदावर रेघ मारायला कुठल्याच देशात हात धजत नाही.

मग लुपे बरागान उठली. ओढ्यावरच्या पुलावर फुली.
"हा शाळेची बस पेलतो. बंब नाही पेलणार."
मग कुणी ऑर्व्हिलच्या फाटकाचं कुलूप दाखवलं,
कुणी ते तळं, जे उपग्रहाला निळं दिसतं
आणि जुलैत नुसता चिखल असतं.
मिसेस हॉलिफील्डच्या घरावर मी 'ऑ' लिहिलं, ऑक्सिजनचा,
आणि लिहून झाल्यावर कळलं, मराठीत लिहिलंय.
हे कसलं चिन्ह, डेल्फीनने विचारलं,
आणि सूचीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

नकाशा आता मळला होता, आणि खरा झाला होता.

ऑर्व्हिल टॅगार्ट मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी.
घराभोवती तीस फूट मोकळं ठेवा, हे त्याला पाठ आहे.
पण छपरावर झुकलेला देवदार त्याने लावला
मुलगी झाली तेव्हा. मुलगी आता नाही.
"तुमच्या तक्त्यात याला रकाना आहे?"
नव्हता.
डेल्फीन खोटं बोलली नाही,
एवढं मी तिच्या नावावर जमा केलं.

माझे वडील मेळघाटात वनरक्षक होते.
होळीआधी जाळरेषा काढायचे:
जंगलाच्या अंगावरून एक पट्टा सोलायचा, आपल्याच हाताने जाळायचा,
म्हणजे वणवा आला तर त्याला तिथे खायला काही उरत नाही.
मोहफुलं वेचायला लोक पाला पेटवत,
आणि खातं त्यांच्यावर केस करी.
वडील वही मिटून गावात जाऊन बसत.
म्हणत, आगीला ना खातं कळतं, ना गाव.

इथे लॉरेटा आहे. तिची माणसं या डोंगरात
काउंटीच्या कितीतरी आधीची.
"आम्ही दर शरदात थोडं थोडं जाळायचो.
तुम्ही तो गुन्हा ठरवलात. आता परवान्याचा अर्ज पुढे करताय."
जंगलखात्याचा तरुण पोरगा बुटांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "अर्ज मी भरतो. दिवस तुम्ही सांगा."

तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण
मी इंग्रजीत सांगून पाहिली. कुणी हसलं नाही.
इथे निम्म्या विहिरी आटल्यात.

कॉफी संपता संपता कामं वाटली गेली.
माझ्या वाट्याला तीन दारं,
फोन बंद पडले तर जाऊन ठोकायची.
शनिवारी सराव केला: मिसेस हॉलिफील्ड, त्यांचा सिलिंडर,
त्यांचं मांजर आणि मांजराचा राग,
सगळे गाडीत बसेपर्यंत एकोणीस मिनिटं.
पुढच्या शनिवारी चौदा.
मांजराला आदल्या रात्री कळवायला हवं होतं, त्या म्हणाल्या.

नोव्हेंबरात, गवत जरा दमट झाल्यावर,
लॉरेटाने दिवस सांगितला.
उतारावर तिने आग टेकवली,
आणि ती खाली मान घालून, चरत चरत, पुढे गेली.
ऑर्व्हिल नळी धरून उभा होता, चार तास, न बोलता.

देवदार अजून आहे.
खालच्या फांद्या माणसाच्या उंचीच्या वर छाटलेल्या,
छपराकडची एक मोठी बुंध्यापासून कापलेली.
कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.
फाटकाच्या खांबाला मात्र
तारेने एक किल्ली बांधलेली दिसली,
पुठ्ठ्याच्या तुकड्यासकट: बंबासाठी.