तळघरातली खिडकी

डॉफिन, मॅनिटोबा. उणे एकतीस.
ओरेस्ट हुमेन्युक दार उघडतो, आधी कॉफी पुढं करतो,
मग घर.
कॉफीला मी नाही म्हणते. घर घेते मोजायला.

जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच.
"बोटभरच तर," तो म्हणतो.
पाय मोजत नाहीत, ओरेस्ट, पाय विश्वास ठेवतात.
सहा पायऱ्या शिकलेला पाय सातवीला ठेचाळतो,
तेही रात्री, हातात कपड्यांची टोपली असताना.
कठडा आहे; दोन खिळ्यांवर टेकलेला,
निघायच्या तयारीतल्या पाहुण्यासारखा.

वरच्या बाथरूमचा पाइप न्यायला
प्लंबरनं वासा कापलाय, अर्ध्याहून जास्त.
टॉर्चच्या उजेडात लाकूड ताजं, पिवळं,
अजून डिंकाचा वास.
टबात पाणी भरून कुणी बसलं नाही अजून,
एवढ्यावरच सगळं उभं आहे.
मी लिहिते. माझं अक्षर वाईट,
थंडीत आणखी वाईट.

"ही खोली कुणाची?"
"मार्कियानची. चौदाचा झाला. दर आठवड्याला वाढतो."
पलंग लागलाय. भिंतीवर हॉकीची काठी.
खिडकी उघडून मी टेप लावते:
चौतीस सेंटिमीटर. हवे अडतीस.
"चार सेंटिमीटरसाठी काँक्रीट फोडू?"

"बाहेर निघून दाखव."

तो हसतो. मग कोट काढतो, खुर्चीवर चढतो,
डोकं जातं, एक हात जातो,
खांदे जात नाहीत.
बाहेरच्या खड्ड्यात बर्फ, आत त्याचे मोजे,
एकाला अंगठ्याशी भोक.

मी दिवा बंद करते.

फार वेळ नाही. वीसपर्यंत मोजते, मनात.
मागच्या मार्चमध्ये एका घराची खिडकी मोजायला
मला बोलावलं होतं.
नंतर.
तिथं सगळं काळं होतं, टेपचे आकडे दिसेनात.

दिवा लावला तेव्हा तो खाली उतरला होता,
भुवयांवर बर्फ, खांद्याला खरचटलेलं.
बराच वेळ पलंगाकडे बघत राहिला.
"किती मोठी करू?"
"त्याच्या पुढच्या वर्षीच्या खांद्यांएवढी."

दारावर लाल चिठ्ठी चिकटेना, गोंद गोठला होता.
तोच आतून टेप घेऊन आला.

गाडी तापेपर्यंत फॉर्म भरला, आणि आठवलं:
धुराचा अलार्म. खोक्यात आहे, छताला नाही.
परत गेले.
या वेळी कॉफी घेतली, उभ्या उभ्याच,
तो शिडी शोधत होता तोवर.