दोरीवरचा सदरा

लेनाकाठी उणे सेहेचाळीस.
तुयारा सदरा वाळत घालते,
चिमटा लावेस्तोवर त्याची फळी होते,
बाह्या पसरलेल्या, कुणाला अडवत असल्यासारख्या.

शाळेत ती सातवीला सांगते :
स्थायूतले कण जागा सोडत नाहीत,
जागच्या जागी थरथरतात फक्त.
मागच्या बाकावरून केस्किल,
"थरथरतात म्हणजे, थंडीनं?"
वर्ग हसतो.
खडू फळ्यावर तसाच टेकलेला.
"नाही रे. थंडीनं तर कमी होतं ते."

तळघरात तळ्यातून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या,
नवऱ्यानं नोव्हेंबरात रचून ठेवलेल्या.
रोज सकाळी थोडा तुकडा फोडायचा, वितळवायचा,
चहा.
आता चारच उरल्यात.

आठवड्यानं सदरा मऊ होतो, कोरडा.
दोरीखालच्या बर्फावर
एका थेंबाचीही खूण नाही.
पुस्तकात याला संप्लवन म्हणतात :
मध्ये पाणी न होता
निघून जाणं.

शेजारीण म्हणते, "रडली नाहीस गं तू, एकदाही."

तुयारा कॉलर नाकाशी धरते.
नुसता थंडीचा वास.
घडी घालता घालता विचारते,
"तुमच्याकडे जास्तीची लादी असेल का एखादी?
उद्याच्या चहाला?"