बांधावरची लाट

हत्तरगीच्या टोलनाक्यावर पोरानं विचारलं,
टपावर काय बांधलंय ओ?
मोनाप्पा म्हणाला, दार.
कुठल्या घराचं?
घर व्हायचंय अजून.

नऊ फुटांची फळी. शेपटाला चीर,
चिरेत उद्यमबागेतलं रेझिन, कोअर शॉपमधून
कागदाच्या कपातून आणलेलं.
गोव्यात चार सीझन त्यानं लोकांना
पाण्यावर उभं राहायला शिकवलं:
गुडघे मोड, नजर वर, पायाकडं बघायचं नाही.
मग ती शाळा बंद पडली.
मालकानं शेवटच्या पगारात फळी दिली,
कदंबाच्या टपावरून ती येळ्ळूरला आली,
गोठ्यात म्हशीच्या अंगाला अंग लावून उभी राहिली.

आता तो माझ्याच पाळीत साचे भरतो.
काळी वाळू नखात, नाकात, डब्याच्या झाकणात.
म्हणतो, किनारा काय रोजचाच आहे,
पाणी तेवढं आणायचं राहिलंय.

सुट्टीचं सगळं बेळगाव चोर्ल्यातून खाली उतरत होतं
वळणावळणावर ओकत.
आम्ही उलट दिशेनं, हुक्केरीकडं,
हिडकलच्या मागच्या पाण्यावर.
मे महिन्यात ते इतकं मागं सरतं
की किनाऱ्याला किनारा फुटतो.
छत्री नाही, खुर्ची नाही, शहाळंवाला नाही.
भेगाळलेला गाळ, त्यात म्हशींचे खूर वाळून पक्के झालेले,
नखाएवढे शिंपले,
आणि दस्तगीरची बुट्टीसारखी होडी, पालथी,
खाली दोन कोंबड्या सावलीला.

तीन वाजेपर्यंत काहीच नाही.
पाणी परातीतल्यासारखं.
आम्ही भडंग संपवला.
एक म्हातारा आला, काठीवर हनुवटी ठेवून बसला.
एन माडाकत्तीपा?
लाट हुडकूलाव, मी म्हणालो.
त्यानं बराच वेळ फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि माझीच कीव केली.

मग वारा उठला. पश्चिमेकडनं, लांबनं,
आधी पाण्याचा रंग गेला, मग कातडी थरथरली,
आणि काठापासून पन्नास पावलांवर
एक पांढरी रेघ उभी राहिली. गुडघ्याएवढी.
पडली. परत तिथंच उभी.

म्हातारा म्हणाला, बांध आहे तो. आमचा.
थोरल्यानं वीतभर कोरला,
धाकट्यानं हातभर.
हुक्केरीच्या कोर्टात एकोणीस वर्षं.
निकालाच्या आधी पाणी आलं,
मोजणी न करता.
अर्धं तो कानडीत बोलला, अर्धं मराठीत,
कुठलं अर्धं कशात ते आता मला सांगता येणार नाही.

आणि तुम्ही कोण, थोरले का धाकटे?
तो फक्त खोकला.

मोनाप्पा पोटावर झोपून हात मारत गेला.
पहिली लाट खालून निघून गेली.
दुसरी पण.
तिसरीनं त्याला पालथा घातला, फळी एकीकडं, हा एकीकडं.
चौथीला त्याचे तळवे टेकले, पाठ उचलली,
आणि मोनाप्पा उभा.
साचाखान्यात दिवसभर वाकलेला माणूस
इतका उंच आहे हे मला माहीत नव्हतं.
मी मोजत होतो, एक, दोन,
आणि म्हातारा काठी टाकून उठला, ओरडला,
आला, आला,
थोरल्याच्या रानात आला!

मीही गेलो. मी धाकट्याच्या बाजूला पडलो.
तोंडात गाळ, गाळाला
पाटीवरच्या ओल्या पेन्सिलीची चव.

अंधार पडता पडता म्हाताऱ्यानं विचारलं,
पुन्हा कधी येणार?
मोनाप्पा म्हणाला, पाणी चढलं की बांध बुडेल,
मग लाट नाही. पुढच्या मे महिन्यात.
म्हातारा म्हणाला, आहे की मी.
मग थोडं थांबून, बघू.

परत येताना नाक्यावर तेच पोरगं.
दार बसलं का?
चार मोजेपर्यंत, मोनाप्पा म्हणाला.
ते हसलं नाही. दांडी वर केली.
मागं टेम्पोत फळीवरचा गाळ वाळत होता,
सुतगट्टीच्या चढाला
थोडा थोडा झडत.