वाक

विजयदुर्गच्या खाडीकाठी
होडीच्या फळीला मी वाक देतो तो जाळ लावून.
ओली गोणपाटं, वर दगड, खाली करवंट्यांचा विस्तव,
लाकूड कुरकुरतं, मग ऐकतं.

मनवाची हनुवटी मागे राहिलेली.
वरचे दात पुढे, नाळेसारखे.
शाळेत पोरं काय म्हणतात
ते ती घरी सांगत नाही.

देवगडात, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर
डॉक्टर शिरसाट तिला हिरवा चष्मा घालतात
आणि कानापुढे, जिथे जबड्याची बिजागरी,
तिथे पेन्सिलीएवढी नळी टेकवतात.
चटका नाही. धूर नाही.
लेझर म्हणे, पण अगदी मंद,
त्यातलाही कामाचा उजेड दिसतच नाही.

मी विचारलं, मग हाड ऐकतं कशाला?
"ऐकेलच असं नाही," बाई म्हणाल्या,
"वाढायचं वय आहे, ते वाढतंय.
तोंडातली पट्टी त्याला वाट दाखवते.
हा उजेड म्हणजे नुसती हाक."

आठवड्यातून दोनदा एसटी.
आठ महिन्यांनी चार मिलिमीटर.
त्यातलं पट्टीचं किती, उजेडाचं किती,
तेराव्या वर्षाचं किती?
बाईंनी खांदे उडवले.
तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

काल नव्या होडीच्या सांध्यात सूत भरत होतो.
सुरी सापडेना.
मनवानं पीळ ओढून घेतला,
पुढच्या दातांत धरला
आणि तोडला, कट्‌कन.

हातात मोगरी असून
मी मोगरी शोधत राहिलो.