दहापैकी किती

रोशनी राठोड माझ्या दंडावरचा काटा तपासते,
डोळ्यांत बॅटरी मारते,
आज जांभया किती, नाक किती वेळा पुसलं,
मग पॅडवर पेन टेकवून
"दस में से कितना, आंटी?"

मी क्रमांक सतरा.
नाव फक्त संमतीपत्रावर, तेही कुलपात:
प्रमिला खासगीवाले, वय एकसष्ट,
पूर्वी जेल रोडला टायपिंगचे वर्ग घेत असे.

सहा वर्षं गोळी.
आधी मणक्यासाठी,
मग मणका आठवू नये म्हणून,
शेवटी नुसती घड्याळासाठी.
डॉक्टर म्हणाले, आता दुखणं गोळीच वाढवतेय.
म्हणजे राखणदारच रात्री कडी वाजवत होता
आणि मी त्याला आणखी एक चपाती वाढत होते.

ही नवी कॅप्सूल अर्धी पांढरी, अर्धी राखाडी.
निम्म्यांच्या आत औषध, निम्म्यांच्या आत पीठ.
कुणाच्या आत काय, डॉक्टरांनाही ठाऊक नाही.
मग ठाऊक कुणाला?
"यादीला," ते म्हणाले.

पाचव्या रात्री पाय माझे नव्हते.
दोन अनोळखी माणसं पांघरुणाखाली भांडत होती.
हे उठून पंखा बंद करीत, चालू करीत.
अकरा वेळा. एकदाही "आता काय?" म्हणाले नाहीत.
म्हणायला हवं होतं. मला भांडायचं होतं.
सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरलं
आणि त्याचा एकेक सूर दाताला लागला.

सातव्या दिवशी जुन्या मशीनच्या पेटीत,
रिबनच्या डबीखाली, एक गोळी सापडली.
मीच लपवलेली. कधी, आठवेना.
दुपारभर ती मुठीत होती.
तळहात ओला झाला, तिचा रंग हाताला लागला.
चारला रिक्षा केली.
रोशनीनं ती चिमट्यानं उचलली आणि लिहिलं:
परत, नग एक.

ती मंदसौरकडची.
घरी परवाना आहे, पांढऱ्या फुलांचं शेत आहे.
संध्याकाळी बोंडांना चिरा द्यायचा,
पहाटे चीक खरवडायचा,
दादी खरवडता खरवडता उभ्या उभ्या पेंगायची.
हे सगळं तिनं माझी नाडी मोजताना सांगितलं
आणि आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजली.
तिचं शेत, माझा मणका,
मी काही हिशेब जुळवायला गेले
तेवढ्यात नाक गळायला लागलं.

आज तेरावा दिवस.
"दस में से कितना?"
अगं, आकड्यात कसं सांगू?
कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा.
कळ आहे, पण पलीकडच्या खोलीत.
चमक वाकले तरच.
ठणका कालपासून नाही.
"ठणका मतलब?"
मी टेबलावर बोटानं वाजवून दाखवला,
एका लयीत, न थांबता,
वर्गात मुलींना ताल धरून द्यायची तसा.
वाजवताना दिसलं, बोट थरथरत नव्हतं.
ते तिलाही दिसलं.
"फिर भी, नंबर?"
चार, म्हटलं. लिही चार.

आणि आत पीठच असलं तर?
हा प्रश्न सिटी बसमध्ये माझ्या शेजारी बसला,
माझ्याच स्टॉपला उतरला.
पाव किलो शेव घेतली, लवंगाची.
दुकानदार म्हणाला, बऱ्याच दिवसांनी.
हो, म्हटलं.