प्रतिसादक क्रमांक एकेचाळीस

आसोळण्यात, साळ नदीला पाठ करून बसलेल्या
बल्कांवात माझा एकेचाळिसावा फॉर्म.
पिएदाद कुलासो. वय त्रेसष्ट.
वय हा संतत चल, पण मी पूर्ण वर्षंच लिहिते.
वरचे महिने तिच्याकडे राहतात.

मुलं किती?
हा खंडित चल. दोन आणि तीनच्या मध्ये
काहीच नसतं, असं पहिल्या सत्रात घोकलेलं.
"दोन," ती म्हणाली. थांबली.
"लिही, दोन."
मध्ये काहीतरी होतं.
रकाना मात्र एका आकड्याचा.

नवरा एकतीस वर्षं बोटीवर.
त्यातली घरी किती?
तिनं बोटांची पेरं मोजली, मग कपाटातून
बंदरांचे शिक्के मारलेली त्याची जुनी पुस्तकं आणली.
दोन महिने, अडीच, एकदा विहीर बांधायची म्हणून चार.
बेरीज आम्ही दोघींनी केली:
सहा वर्षं, चार महिने.
मी मनात म्हटलं, गुणोत्तर मापनी.
इथं शून्य खरं असतं,
सहाची दुप्पट बारा, अगदी दुप्पट.
"दुप्पट राहिला असता," ती हसली,
"तर भांडून मेलो असतो."

मग तो प्रश्न, ज्यासाठी मी
मडगावहून दोन बसेस बदलून आले होते.
एकटेपणा, शून्य ते दहा.
"शून्य म्हणजे कितें गो बाय?"
शून्य म्हणजे अजिबात नाही, मी म्हटलं,
आणि माझा मलाच तो आकडा
थर्मामीटरवरच्या शून्यासारखा वाटला.
तिथंही काहीतरी असतंच, थंड.

तेवढ्यात पोदेराचा भोंपू.
तिनं चार पाव घेतले,
सुटे पैसे कठड्यावर आधीच मांडलेले होते.

"तो बोटीवर होता तेव्हा नऊ," ती परत बसत म्हणाली.
"आता चार."
आता? तो गेल्यावर?
"आता वाट बघायची नाही ना."

रात्री सरांचा फोन.
एकेचाळीसचा आकडा उलटा दिसतोय,
रिव्हर्स कोडिंग करायचं राहिलं का?
नाही सर, म्हटलं. तो सुलटाच आहे.
मग बाजूला काढून ठेवू, ते म्हणाले,
आधी सरासरी बघू.

सरासरी आली सहा पूर्णांक सात.
साठ बायकांत
सहा पूर्णांक सात कुणीच म्हणालं नव्हतं.

निघताना तिनं दोन पाव
कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकले होते.
रोज दोन उरतात, म्हणाली, कोंबड्या खातात.
किती पाव घेता, हा प्रश्न
माझ्या प्रश्नावलीत नाहीच.
समासात पेन्सिलनं लिहून ठेवलंय:
घेते चार, खाते दोन.
सरांना अजून दाखवलं नाही.