मीटरमधली चांदणी

श्रावणात खानापुरात भिंतीसुद्धा अंग धरतात.
काडेपेटीवर काडी नुसती घसरते,
लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याला हिरवी लव,
आणि आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाला,
परातीएवढा ओला डाग.

"गोव्याचं वारं चोर्ल्यातनं वर चढतंय, दमट तर हुणारच,"
दस्तगीर नदाफ दारातच म्हणाला, छत्री न मिटता.
"पण आदी पाणी काय म्हणतंय ते बगूया."
आणि घरातले सगळे नळ बंद करायला लावले:
मोरीतला, ओट्यावरचा,
परसात धुण्याच्या दगडाजवळचा,
माडीवरच्या टाकीचा कॉकसुद्धा.

मग मीटरचं झाकण उचललं,
बोटानं एक गोगलगाय बाजूला सारली,
बाहीनं काच पुसली.
आत नखाएवढी तांबडी चांदणी.
फिरत होती.
हळू,
कुठं पोचायचं नसल्यासारखी.

"बगा. सगळं बंद हाय,
आणि तुमी पाणी वापरूलालाय."

यल्लेश, त्याच्या हाताखालचा पोरगा,
स्क्रूड्रायव्हरचं टोक डागाला लावून, मूठ कानाला धरून
डोळे मिटून उभा राहिला.
आम्ही श्वास धरला. कौलांवर पाऊस काही धरेना.
"सोरंगिल्ला," तो म्हणाला. "हरियाकत्तैती."
दस्तगीरनं मराठी केलं:
"गळत न्हाई म्हणूलालाय. व्हात जातंय. कुटंतरी जातंय."

डाग गळतीचा नव्हताच.
आतल्या जुन्या लोखंडी पाइपाला घाम सुटलेला.
"थंड पाणी आतनं गेलं की भायेरनं घाम येतोय, वैनी.
पडून ऱ्हायलेल्या पाइपाला येत न्हाई.
हा वापरातला हाय.
भिंतीपलीकडं कोण ऱ्हातंय?"

मी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

वाटणी झाली तेव्हा टेप लावून खोल्या मोजल्या,
फणसाच्या फांद्या मोजल्या,
एक चरवी तिकडं, एक इकडं.
भिंतीतल्या पाइपाची कुणाला आठवण नव्हती.
थोरल्या दिरांनी तो घातला होता,
कौलांच्या कारखान्यातली पाळी संपवून, रात्री,
पान्यावर अख्खे लोंबकळून.
ते गेले त्याला सहा वर्षं झाली.
पलीकडं इंदूताई एकट्या.
त्यांच्या रहाटाची कुरकुर दोन उन्हाळ्यांपूर्वी थांबली.
आम्ही म्हटलं, बरं झालं,
सकाळची झोप तरी लागेल.

बघता बघता चांदणी थांबली.
भिंतीपलीकडं फरशीवर
चरवी टेकल्याचा आवाज.

दस्तगीर माझ्याकडं न बघता म्हणाला,
"हितं एक डमी मारली की झालं.
दीडशे रुपये. भिंत थोडी फोडाय लागंल."

"मोरीतल्या नळाचं वॉशर बदला," मी म्हटलं.

"ते चांगलं हाय की."

"तरी बदला."

त्यानं बदललं.
पाकिटाच्या पाठीवर हिशेब लिहिला:
वॉशर एक, टेप एक, तपासणी.
डागापुढं काही लिहिलं नाही.
जाताना म्हणाला, पलंग तेवढा वीतभर सरकवा.

हे आले तेव्हा मी एवढंच सांगितलं, की गळती नाही.
बिल जास्त का येतं, त्यांनी विचारलं.
मी भाकरी उलटली.

रात्री बॅटरी घेऊन मीटरपाशी गेले.
गोगलगाय परत जागेवर.
काच धुरकटलेली; पुसली, पुन्हा पुसली,
मग कळलं, धुकं आतल्या बाजूला आहे.
तरी तांबडं एवढंसं दिसत होतं.

अर्धा फेरा फिरलं
आणि थांबलं.
तांब्याभर असेल.
रात्री तहान लागते त्यांना, पहिल्यापासून.